अर्ध्या डोक्याच्या जटा

बाळंतपणानंतर तिचं नाव गेलं, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. दवाखान्यात "बाळाची आई कोण?" अशी हाक आली की ती हात वर करायची. पुढे जिन्यातले, लिफ्टमधले, खालच्या दुकानातले सगळेच तिला बाळाची आई म्हणायला लागले, आणि तीही मुकाट्याने ओ द्यायला लागली. झोप गेली, कंबर गेली, गरम चहा गेला. एवढं सगळं जाताना तिने हूं की चूं केलं नाही. पण चौथ्या महिन्यात केस जायला लागले, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला.

कारण रूपाच्या नावाने तिच्याकडे एवढी एकच गोष्ट होती. रंग बेताचा, उंची बेताची, नाक तर त्याहूनही बेताचं; पण वेणी कमरेच्या खाली. कारखान्यात ओळखपत्राचा फोटो काढताना फोटोग्राफर वैतागून म्हणाला होता, "केस जरा मागे घ्या, फोटोत मावत नाहीत." ते वाक्य तिने नऊ वर्षं मनात जपून ठेवलं होतं. नवऱ्याने लग्नानंतर केलेली सगळी स्तुती एकत्र केली तरी त्या एका वाक्याची सर तिला नव्हती.

आता ते केस न्हाणीघराच्या जाळीत होते, उशीवर होते, बाळाच्या मुठीत होते आणि नवऱ्याच्या ताटात तर रोजच होते. नवऱ्याला एकोणतिसाव्या वर्षीच टक्कल पडलं होतं, त्यामुळे या विषयात तो स्वतःला अनुभवी समजायचा.

"होतं गं असं," घासातला केस दोन बोटांनी बाहेर ओढत तो म्हणाला. "माझे नाही का गेले?"

"तुझे गेले तेव्हा तू कुणाला जन्म दिला होतास?"

यावर त्याने तो केस ताटाच्या कडेला लावून ठेवला आणि पुढचा घास घेतला. वाद संपवायची त्याची ही जुनी पद्धत.

सासूबाई दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या आणि आता पाचवा महिना चालू होता. त्यांचं मत पक्कं होतं. "कंगवा फार जोरात फिरवतेस तू." कंगवा बदलला. "ओल्या केसांत फिरवतेस." मग सुक्या केसांत फिरवला. "मुळात फार विचार करतेस." विचार न करण्याचा उपाय मात्र त्यांनी सांगितला नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, त्यांना सगळी इमारत हेडबाई म्हणायची. त्यांनी जिन्यातच तिचं डोकं खाली वाकवून, वही तपासावी तसा भांग तपासला आणि कांद्याचा रस लिहून दिला. तिने आठ दिवस इमानेइतबारे लावला. केस गळायचे थांबले नाहीत. पण बाळाने तिच्या जवळ यायचं थांबवलं. पदराखाली घेतलं की नाक मुरडून, मान फिरवून ते असं काही रडायचं, की हेडबाई वरून ओरडायच्या, "दात येत असतील!"

आणि मग ती दुपार आली.

बाळ झोपेतून किंचाळत उठलं ते थांबेचना. सासूबाई म्हणाल्या, पोट दुखतंय. हेडबाई खाली येऊन म्हणाल्या, दातच. नवरा फोनवर म्हणाला, भूक लागली असेल, बघ. पोटाला शेक झाला, हिरड्यांवर बोट फिरवून झालं, पाजून झालं. दोन तासांनी ती अनवाणीच रिक्षात बसली आणि दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी बाळाला डोक्यापासून तपासत तपासत शेवटी पायमोजा काढला. डाव्या पायाचं मधलं बोट जांभळं झालं होतं, आणि त्याच्या बुडाशी एक लांब केस सात-आठ वेढे घेऊन कातडीत रुतला होता.

भिंग आणलं, बारीक कात्री आणली, नर्सने पाय धरला. केस तुटला तसा बाळाने एक हुंदका दिला आणि ते गप्प झालं. "अजून उशीर झाला असता तर..." एवढं बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या. मग त्यांनी चिमट्यातला केस उजेडात धरला आणि विचारलं, "हा कुणाचा?"

गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती पॅकिंगची तपासनीस होती. हा प्रश्न नऊ वर्षं ती दुसऱ्यांना विचारत आली होती. मालात केस सापडला की सगळ्यांना रांगेत उभं करून, अगदी याच आवाजात. आज उत्तर तिच्या स्वतःच्या पाठीवर लोंबत होतं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कापून टाक एकदाचे." नवरा म्हणाला, "आखूड केसही छान दिसतात. म्हणजे, काही जणींना." कापायचं तर तिच्याही मनात आलं होतं. पण सगळं जाऊन जाऊन हेच काय ते उरलेलं, तेही आपल्याच हाताने कापायचं, याला तिचं मन तयार होईना. आणि बाळाचं बोट पुन्हा दाखवायला नेलं त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर तिला नेमकी जटावाली भेटली.

जटावाली म्हणजे खांद्यापर्यंत दोरखंडासारख्या जटा सोडलेली, मांडीवर सहा महिन्यांची मुलगी घेऊन बसलेली बाई. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत ती लोकांना जटा घालून द्यायची. बाळाची आई टक लावून बघतेय हे पाहून ती हसली. "माझेही गळले हिच्या वेळी. पण एक केस जमिनीवर पडला नाही. जटेतला केस मुळापासून सुटला तरी जटेतच अडकून राहतो."

हे वाक्य दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर कौतुक करून सोडून दिलं असतं. पण आपल्या तपासनीस बाईंच्या कानांना ते कारखान्याच्या प्रशिक्षणातल्या धड्यासारखं लागलं. गळती थांबवता येत नसेल, तर ती बंदिस्त करा. ना बाळाच्या बोटाला केस, ना नवऱ्याच्या ताटात. शिवाय जे आपलं ते आपल्याजवळच राहणार. तिने तिथेच वेळ ठरवली.

घरात सांगितल्यावर सासूबाईंनी तिचा नवा कंगवा उचलून कपाटात ठेवून दिला. नवरा तासाभराने म्हणाला, "विंचरायचं नाही म्हणजे मग वेळ वाचेल तुझा," आणि आपण किती समजूतदार आहोत या समाधानात झोपी गेला. हेडबाईंनी मात्र दरवाजात उभं राहून विचारलं, "लोक गुंता सोडवायला धडपडतात, आणि तू तो घालून घेणार? तोही मुद्दाम?"

आठ तासांचं काम. बाळ दर दोन तासांनी भुकेलं व्हायचं. म्हणून दोन बैठका ठरल्या. पहिली डाव्या बाजूची, दुसरी येत्या गुरुवारी उजव्या बाजूची. जटावाली क्रोशाच्या सुईने एकेक बट ओवत, पिळत, आवळत गेली. प्रत्येक आवळणीला डोळ्यांत पाणी यायचं. दर पंधरा मिनिटांनी सासूबाईंचा फोन. "उठलाय." "झोपला." "झोपल्यासारखं करतोय." "तुझं झालं की नाही?" चौदा जटा झाल्या. डावीकडे चौदा काळ्या दोऱ्या, उजवीकडे नेहमीची विरळ होत चाललेली बट. आरशात बघून तिला वाटलं, डावीकडून आपण जरा धाडसी दिसतो आणि उजवीकडून आजारी.

गुरुवारी जटावालीचा फोन आला. ती ओल्या फरशीवर घसरली होती आणि मनगट प्लास्टरमध्ये होतं. सहा आठवडे. दुसरं कुणी हे काम करतं का, म्हणून बाळाच्या आईने शहर पालथं घातलं. एका केशकर्तनालयात तिची डावी बाजू उचलून बघत कारागीर म्हणाला, "उरलेलं घालता येणार नाही, पण घातलेलं उकलून देतो." एवढ्या वेदना सोसून झालेलं उकलायला ती काही वेडी नव्हती. ती अर्धं डोकं घेऊन घरी आली. सोमवारी रजा संपत होती.

कारखान्याच्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र होतं. ती समोर उभी राहिली. यंत्र म्हणालं, व्यक्ती ओळखता येत नाही. तिने उजवा गाल पुढे केला. यंत्राने जरा विचार केला. डावा केला. यंत्राने लाल दिवा लावला. मागे रांग वाढायला लागली. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, अर्ध्या तरी आत जा." हशा पिकला. ती पहिल्यापासून फार आब राखून वागणारी बाई. लोकांना हसताना नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने एवढ्या जवळून पाहिलं.

ओळखपत्राच्या कारकुनाने एक फॉर्म पुढे सरकवला. "चेहऱ्यातील बदलाचे कारण" या ओळीपुढे तीन चौकटी होत्या: अपघात, शस्त्रक्रिया, विवाह.

"यात बाळंतपण नाही," ती म्हणाली.

"बाळंतपणाने चेहरा बदलत नाही, मॅडम."

"बदलतो."

"असेल. यादीत नाही."

तिने अपघातावर खूण केली. कारकुनाने फॉर्म उलटसुलट पाहिला. "मग पोलिसांचा पंचनामा जोडा." तिने अपघात खोडून विवाह केला. "हां, हे बरं. नवं आडनाव काय?" "जुनंच आहे." "मग कसला विवाह?" असं म्हणून त्याने खरोखरच काळजीने तिच्याकडे पाहिलं. शेवटी असं ठरलं, की वरून खुलासा येईपर्यंत बाईंनी पाहुण्याचा बिल्ला लावून आत यावं. पाहुण्यांना कारखान्यात एकटं फिरू देत नाहीत. त्यामुळे अकरा दिवस एक पहारेकरी तिच्यासोबत तिच्याच विभागात यायचा, आणि दुपारी बाळासाठी दूध काढून ठेवायला ती छोट्या खोलीत गेली, की हा बाहेर पाठ करून उभा राहून मोठ्याने विचारायचा, "झालं का पाहुण्यांचं?"

बाराव्या दिवशी ओळखपत्र आलं. सोळाव्या दिवशी केस आला.

एका औषध दुकानाने स्ट्रिप परत पाठवली होती. पारदर्शक फुगवट्यात पांढरी गोळी, आणि गोळीखाली वेटोळं घालून बसलेला काळा केस. विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, ती सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. सगळ्यांच्या नजरा आधी स्ट्रिपवर गेल्या आणि मग तिच्या टोपीखाली एका बाजूने फुगलेल्या जटांवर. जटांमुळे टोपी नेहमी तिरकी बसायची, जणू डावीकडे काहीतरी लपवलंय.

"मॅडम, मी काही म्हणत नाही," साहेब म्हणाले. काही म्हणायचं असलं की ते अशीच सुरुवात करायचे. "पण तुम्ही स्वतःच तपासनीस. चौकशी तुम्हीच करा. आणि मनाला विचारून करा."

तिने मनाला विचारलं नाही, भिंगाला विचारलं. केस बोटभर लांबीचा होता. टोकाकडून बुटाच्या पॉलिशसारखा काळाकुट्ट, आणि मुळाकडे पाव इंच पांढरा. तिने आयुष्यात केस रंगवले नव्हते. मग तिने स्ट्रिपवरची तारीख पाहिली. ही बॅच पॅक झाली तेव्हा ती कारखान्यात नव्हतीच. घरी कांद्याचा रस चोळत बसली होती. त्या आठवड्यात पॅकिंगच्या खोलीत कोण कोण आलं होतं, याची नोंदवही तिने काढली. टोपीने केसांची घडी मोडते म्हणून टोपी नुसती डोक्यावर टेकवून फिरणारा, पन्नाशीचा, काळ्याभोर केसांचा माणूस विभागात एकच होता. तो त्या आठवड्यात तीनदा पाहणीला आला होता.

तिने अहवाल लिहिला. कुणाचं नाव घेतलं नाही; केसाची लांबी, रंग, मूळ, तारीख आणि नोंदवहीची पानं एवढंच. शेवटी एक ओळ घातली: अहवाल लिहिणारी व्यक्ती त्या काळात प्रसूती रजेवर होती. ही ओळ लिहिताना बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

साहेबांनी अहवाल उभ्याउभ्या वाचला. दुसऱ्या पानावर त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिथून झटका बसावा तसा खाली आला. "उत्तम," ते म्हणाले. "फारच बारकाईने केलंय. असंच काम पाहिजे."

आठवड्याभरात सूचना लागली. यापुढे महिला कर्मचाऱ्यांनी एकावर एक अशा दोन टोप्या घालाव्यात. तसेच प्रसूती रजेवरून परतणाऱ्या कर्मचाऱ्यांना, त्यांच्या सोयीसाठी, पहिले सहा महिने कागदपत्रांच्या खोलीत काम देण्यात येईल. त्या "सोयीसाठी" शब्दाखाली कुणीतरी पेनाने रेघ ओढली होती. तिने नाही, पण तिला ती आवडली. कागदपत्रांच्या खोलीत पहिल्याच दिवशी तिच्या टेबलावर फायलींचा जो गठ्ठा आला, त्यात तिचाच अहवाल होता. वर शेरा: स्रोत अज्ञात, प्रकरण बंद. तिने त्याला क्रमांक घातला, भोक पाडलं आणि फायलीत लावला. ते तर तिचं कामच होतं.

"चांगलंय की," नवरा म्हणाला. "बसून काम."

शनिवारी सकाळी बाळ तिच्या मांडीवर खेळत होतं. त्याने समोरची जट मुठीत धरली आणि नेहमीसारखी ओढली. जट निघून त्याच्या हातात आली. अख्खी. मुळासकट. बाळाला फार आनंद झाला. त्याने ती तोंडात घालायला घेतली. तिने हिसकावली, आणि दुसऱ्या हाताने डोकं चाचपलं. बटणाएवढी जागा गुळगुळीत लागली. शेजारच्या जटेला तिने नुसतं बोट लावलं, तर तीही कलंडली.

तिने जटावालीला फोन केला.

"मूळ बारीक झालं असेल," ती म्हणाली. "वरचे केस गळत गेले, की चार केसांवर सगळ्या जटेचं ओझं येतं. गळती चालू असताना घालायच्याच नसतात खरं तर."

"पण तुमच्या वेळी चाललं म्हणालात ना!"

"माझ्या जटा सात वर्षांच्या होत्या, बाई. मी माझं सांगत होते. तुम्ही विचारलंत कुठे?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. तिने बाळाला नवऱ्याच्या हातात दिलं, कात्री घेतली आणि न्हाणीघरात जाऊन पाटावर बसली. कापायला हात वर केला आणि तिला रडू फुटलं. दवाखान्यात नाही, फाटकावर नाही, स्वतःचा अहवाल फायलीत लावताना नाही. इथे, ओल्या फरशीवर, दोन तुटक्या जटा मांडीवर घेऊन ती हमसून हमसून रडली.

दार ढकलून सासूबाई आत आल्या. आता "मी सांगत होते" येणार म्हणून तिने डोळे पुसून मान ताठ केली. पण सासूबाईंनी दाराला आतून कडी घातली. मग दोन्ही हात मागे नेऊन आंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. शेवटची पिन निघाली तसा आंबाडाच निघाला. त्यांनी तो तिच्या मांडीवर, त्या दोन जटांच्या शेजारी ठेवला.

गंगावन होतं. सासूबाईंच्या डोक्यावर मोजून पाच-पंचवीस पांढऱ्या बटा होत्या, आणि मधे कातडी चकाकत होती.

"हा झाला तेव्हा गेले," दाराकडे मान करून त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आले परत, पण हे असे. चौतीस वर्षं झाली."

"त्याला माहीत नाही?"

"नववीत असताना एकदा धुऊन वाळत घातलेलं दिसलं त्याला. मी म्हटलं, जळमटं काढायचा झुबका आहे."

तिला हसू आलं, आणि हसता हसता मध्येच संतापाची तिडीक उठली. "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि इतके महिने तुम्ही माझ्या कंगव्याला बोल लावत बसलात? मला वाटत होतं, मीच कुठेतरी चुकतेय. एक शब्द सांगितला असतात तर?"

सासूबाईंनी कट्ट्यावरच्या पिना एका रांगेत लावल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं होतं?"

माफ करावं इतकं ते उत्तर चांगलं नव्हतं, आणि भांडावं इतकं खोटंही नव्हतं. सासूबाईंनी तिच्या हातातली कात्री घेतली. "मान खाली घाल." जटा जाड होत्या, एकेकीला तीन-तीनदा कात्री चालवावी लागली. सासूबाईंचा हात काही कारागिराचा नव्हता. इकडे बोटभर राहिले, तिकडे नखभर. अकरावी जट पडली तेव्हा दार वाजलं.

"आई?" नवरा बाहेरून म्हणाला. बाळ कुरकुरत होतं. "काय चाललंय आत? कडी का लावलीय?"

सासूबाईंचा चेहरा एकदम पडला. कात्री खाली ठेवून त्यांनी घाईघाईने आंबाडा उचलला आणि डोक्याशी धरला. पिन लागेना. एक फरशीवर पडली.

बाळाच्या आईने ती उचलली. सगळं खरं ओरडून सांगावं, दार सताड उघडावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने उठून कट्ट्यावरच्या पिना ओंजळीत घेतल्या आणि एकेक करून सासूबाईंच्या हातात देत गेली. शेवटची तिने स्वतःच लावली, आणि आंबाडा नीट बसलाय ना, हे तपासनिसाच्या नजरेने दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"काही नाही रे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "हिचे केस कापतेय."

"हां, बरं केलंत," नवरा म्हणाला. "मी कधीचा सांगतोय."